पुसलेली ओळ

उन्हाळ्यात जिथे डांबरी रस्तासुद्धा चपलेला धरून ठेवतो, अशा एका शहरात एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ राहत होते. मोठ्या कंपन्यांतली चाकरी आटोपून उतारवयात त्यांनी एक लहानसे कार्यालय थाटले होते आणि खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांना लागणारे प्रोग्रॅम ते तिथे तयार करून देत. सारे त्यांना नाना म्हणत. त्यांच्यापाशी काम शिकायला एक मुलगी आली. निशिगंधा तिचे नाव. पदवी नुकतीच हाती आलेली, बुद्धी तल्लख, आणि स्वभाव असा, की मागून कोणी नुसते "अगं" म्हटले तरी तिच्या हातातले पेन खाली पडावे.

तिला पहिलेच काम मिळाले ते लसींच्या फ्रीजचे. तान्ह्या बाळांना द्यायच्या लसी ठरावीक गारव्यातच टिकतात. फ्रीजमधला सेन्सर तारेवाटे तापमान कळवत राहणार, आणि पारा आठ अंशांवर चढला किंवा दोन अंशांखाली उतरला, की निशिगंधाच्या प्रोग्रॅमने भोंगा वाजवायचा. काम दिसायला एवढेसे. पण पहिल्या दिवशीच नाना तिला म्हणाले होते, "उन्हाने नासलेली लस काय, नि गोठून नासलेली काय, बाटलीकडे बघून सहज ओळखू येत नाही, बाळा. ती टोचली जाते, पोर रडतं, आणि आईला वाटतं, चला, एक काळजी मिटली. तुझा भोंगा गप्प बसला, तर हे कुणालाच कळणार नाही."

हे ऐकल्यापासून निशिगंधाला घासही गोड लागेना. रस्त्याने कडेवर बाळ घेतलेली बाई दिसली, तरी तिला आपला प्रोग्रॅम आठवे.

त्या कार्यालयाचा एक रिवाज होता. कोणताही प्रोग्रॅम बाहेर धाडण्याआधी सर्वांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर बसायचे, लिहिणाऱ्याने एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगायचा, आणि बाकीच्यांनी दोष काढायचे. याला ते 'वाचन' म्हणत. रिवाज नानांनीच घातलेला. पण काळाच्या ओघात त्यात तर्री-पोहे शिरले, पोह्यांपाठोपाठ थट्टामस्करी शिरली, आणि दोष काढण्याचे काम हळूच मागल्या दाराने निघून गेले. "छान झालंय" म्हणावे आणि पोह्यांवर लिंबू पिळावे, इतकेच वाचन उरले होते.

निशिगंधाला मात्र हे ठाऊक नव्हते. वाचन म्हणजे आपली परीक्षा, असेच तिने मनाशी धरले होते. म्हणून तिने चाचण्याही खंडीभर लिहिल्या होत्या. चाचणी म्हणजे प्रोग्रॅमला मुद्दाम खोटे तापमान द्यायचे आणि तो कसा वागतो ते पाहायचे. नीट वागला तर हिरवी खूण, चुकला तर लाल. लाल खूण दिसली की निशिगंधाच्या छातीत धस्स होई. पण आता तिच्या सगळ्या चाचण्या, भाताच्या रोपांसारख्या, एकजात हिरव्यागार होत्या.

वाचनाच्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा नाना तिच्याच संगणकापुढून उठत होते. "सहज बघत होतो," एवढेच म्हणाले. तिने फार विचार केला नाही. ती मनातल्या मनात आपल्या ओळी घोकत होती.

वाचनाला आणखी दोघे होते. एक उज्ज्वलाताई, गावोगावच्या केंद्रांत जाऊन यंत्रे बसवून देणाऱ्या. दुसरा गेडाम, निशिगंधाहून चार पावले पुढे असलेला प्रोग्रॅमर, हातात पोह्यांची प्लेट.

"घाबरून काहून राहिली?" गेडाम म्हणाला. "इथं कोणी फाशी नाही देत. नाना फक्त अंधारकोठडीत टाकतात."

"गप बस रे," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "कर गं सुरू."

निशिगंधाने प्रथम चाचण्या चालवून दाखवल्या. साऱ्या हिरव्या. मग ती वाचू लागली. आवाज आधी कापत होता, मग सापडला. "इथे सेन्सरकडून आकडा घेतला. इथे तो आठपेक्षा जास्त आहे का ते बघितलं. असला, तर भोंगा. आणि इथे, तो दोनपेक्षा कमी झाला तरी भोंगा." अशी ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

"अरे बापा, एक नंबर!" गेडामने लिंबू पिळले.

"छान झालंय," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

निशिगंधाचा श्वास मोकळा झाला. तिने नानांकडे पाहिले.

"चांगलं वाचतेस," नाना म्हणाले. "ती दोन अंशांची ओळ पुन्हा एकदा वाच. पडद्यावर बोट ठेवून."

ती उठली. बोट पडद्यावर टेकवले आणि खाली सरकवू लागली. आठ अंशांची ओळ सापडली. तिच्याखाली दोन अंशांची असायला हवी होती. बोट खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. ती ओळ तिथे नव्हतीच.

जी ओळ नाही, ती आपण आत्ता सर्वांसमोर मोठ्याने वाचली. तिघांनी ऐकली. कुणाची मान हलली, ती होकारार्थीच.

"मी लिहिली होती हो," ती कशीबशी म्हणाली. "देवाशपथ लिहिली होती. माझ्याच हातून कधीतरी पुसली गेली असेल..."

"तुझ्या हातून नाही. सकाळी मी पुसली," नाना शांतपणे म्हणाले.

गेडामचा चमचा प्लेटमध्येच थांबला. "नाना, हा तर घरभेदीपणा झाला ना जी!"

निशिगंधाचे डोळे भरून आले. तिची भीड अशी, की एरवी ती नानांसमोर खुर्चीतही सावरून बसे. पण आता तोंडून निघून गेले, "माझ्यावर विश्वास नव्हता, तर तोंडावर सांगायचं होतं, नाना. मला असं उघडं कशाला पाडलंत?"

नाना उठले आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसले.

"बाळा, तुला पकडायला मी ती ओळ पुसली नाही. तू लिहिलेली ओळ चोख होती. मला बघायचं होतं, की आपले राखणदार जागे आहेत का. अंगणातला कुत्रा रात्रभर भुंकला नाही, तर दोन गोष्टी संभवतात. चोर आला नाही, किंवा कुत्रा झोपला होता. आपण नेहमी पहिलीच धरून चालतो. आज मी मुद्दाम चोर बनून कुंपणावरून उडी मारली. ही दोघं भुंकली नाहीत, आणि तुझ्या चाचण्याही भुंकल्या नाहीत. का? आपण उन्हाचे मारलेले लोक. कुठल्याही वस्तूचं काय बिघडेल म्हटलं, की आपल्याला उकाडाच आठवतो. तुझी एकूणएक चाचणी उकाड्याची आहे. थंडीची एकही नाही. आणि राहिलं तुझं वाचन. तू पडद्यावरचं वाचलं नाहीस, मनातलं वाचलंस. लिहिणाऱ्याचा डोळा मधली रिकामी जागा आपसूक भरून घेतो. त्यात लाज कसली? आई आपल्या पोराचे बोबडे बोल पुरे करून ऐकते, तसंच ते. पण म्हणूनच तिथे परका कान लागतो."

गेडामने प्लेट हळूच मागच्या टेबलावर सरकवली.

निशिगंधाने डोळे पुसले आणि ती ओळ परत लिहायला वळली. नानांनी तिला थांबवले. "ओळ नंतर. आधी राखणदार नेम. तो भुंकतो की नाही ते बघू, मग कुंपण दुरुस्त कर."

तिने थंडीची चाचणी लिहिली. पारा एक अंशावर उतरला असे प्रोग्रॅमला खोटेच सांगितले. लाल खूण लखकन उमटली. सवयीने ती दचकली, आणि दचकता दचकता हसली. त्या लाल खुणेचे तिला जन्मात प्रथमच बरे वाटले. मग तिने ओळ परत लिहिली. लाल होते ते हिरवे झाले. सकाळच्या हिरव्यापेक्षा हे हिरवे तिला निराळे दिसले.

"आता वाचन पुन्हा," नाना म्हणाले. "पण वाचणार गेडाम. निशिगंधा, तू बसायचं आणि बोलायचं नाही."

"माझ्यावर काहून बिल फाडता?" गेडाम पुटपुटला. पण पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. दुसऱ्याचे लिखाण, त्याला काहीच पाठ नव्हते. तो अडखळत, प्रत्येक ओळीशी थांबत वाचू लागला. निशिगंधाला राहवेना. दर वेळी तिचे ओठ हलत, आणि दर वेळी नानांची नजर वळे.

"इथं सेन्सरकडून आकडा घेतला," गेडाम म्हणाला. "नाही आला, तर मागचाच आकडा धरला." तो थबकला. डोके खाजवले. "थांबा. आकडा नाही आला म्हणजे? तार निघाली तर?"

तार आत घट्ट बसवलेली असते, निघेल कशी, असे निशिगंधा म्हणणार होती. उज्ज्वलाताई आधी बोलल्या. "निघते ना. केंद्रातल्या बाया फ्रीज पुसतात, तेव्हा हमखास निघते. मी कितीदा परत खोचून आलेय."

"मग तार निघाल्यावर हा प्रोग्रॅम मागचेच, समजा, चार अंश धरून बसला," गेडाम सावकाश म्हणाला. "आत आग लागो की बर्फ पडो. सगळं आलबेल."

निशिगंधाने नानांकडे पाहिले. स्वरात अर्धी आशा होती. "नाना, हेही तुम्हीच का?"

"नाही गं बाई," नाना म्हणाले. "हे तुझंच."

आणि सर्वांत आधी निशिगंधाच हसली. कॉलेजात चूक सापडली की तेवढे गुण कापले जात. इथे चूक सापडली, आणि दूर कुठल्या गावी, तिने कधी न पाहिलेल्या एका बाळाच्या वाटेतला काटा निघाला. तो काढणारा हात गेडामचा होता, तारेची गोष्ट सांगणारी जीभ उज्ज्वलाताईंची होती, आणि त्या दोघांना जागे करणारी उडी नानांची. आजवर तिला वाटे, की आपल्या कामाचा सारा भार आपल्या एकटीच्या डोक्यावर आहे. म्हणून तर ती पानाच्या सळसळीने दचकत असे. आता कळले, की भार वाटून घ्यायला ही माणसे बसलेली आहेतच. आपण फक्त त्यांना पोह्यांवर सोडू नये.

"गेडामदादा," ती म्हणाली, "फार उपकार झाले."

"उपकार राहू दे. समोसे आण. वाचन संपल्यावर," तो म्हणाला.

त्या दिवशी तिने निघालेल्या तारेसाठी आधी चाचणी लिहिली, तिला लाल होताना पाहिले, आणि मग प्रोग्रॅम दुरुस्त केला. फ्रीजचे काम ठरल्यापेक्षा थोडे उशिरा रवाना झाले. त्याबद्दल नाना कोणाला काही बोलले नाहीत.

पुढे हिवाळ्यात एका आरोग्य केंद्रातून फोन आला. नर्सबाई चिडल्या होत्या. "अहो, तुमचा तो भोंगा! फ्रीज पुसायला घेतला की बोंबलतो. तार जरा हलली तरी बोंबलतो. आमचे कान किटले!"

निशिगंधाने फोन दोन्ही हातांनी धरला. "हो ताई," ती म्हणाली. "तार परत खोचली की थांबेल. ओरडू द्या त्याला. तुमचे खूप आभार." कशाचे आभार, हे नर्सबाईंना काही उमगले नाही.

दुसऱ्या दिवशी निशिगंधाच्या नव्या प्रोग्रॅमचे वाचन होते. ती सकाळी लवकर आली. वाचणाऱ्याची खुर्ची तिने गेडामसाठी पडद्यापुढे ओढून ठेवली आणि आपली मागे भिंतीशी नेली. मग नानांच्या टेबलाशी जाऊन, जराशी भीतच, तिने विचारले, "नाना, आज माझी एखादी ओळ पुसाल का?"

नानांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"ती केव्हाच पुसली," ते म्हणाले. "बघू, कोण भुंकतं ते."