लिंबाजीची तोंडी परीक्षा

बोरखेडी गावात लिंबाजी नावाचा एक भोळा मुलगा होता आणि तो कॉलेजात शिकत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याने विषय घेतला होता ‘जगातले धर्म आणि नीती’. हा विषय घेणारा तो एकटाच. पाथरकर मॅडम मात्र वर्ग भरलेला असल्यासारख्या जीव तोडून शिकवायच्या. प्राचार्यांनी बजावलं होतं, लिंबाजी पास झाला तर विषय राहील, नाहीतर बंद. मग मॅडमनी ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकत बसायचं.

लिंबाजी आळशी नव्हता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. खरी पंचाईत तीच होती.

मॅडम म्हणाल्या, धर्म नुसता पुस्तकातून कळत नाही, जाऊन बघावा लागतो. आधी त्या त्याला बुद्धविहारात घेऊन गेल्या. तिथे सगळे ध्यानाला बसले होते. लिंबाजीने मोठ्याने विचारलं, सगळ्यांना एकदम झोप कशी काय लागली. मॅडमनी त्याला बाहेर आणून समजावलं, “सगळे डोळे मिटून बसले असतील तिथे आपणही डोळे मिटून गप्प बसावं.”

“बरं मॅडम. लक्षात ठेवतो.”

परतीच्या एसटीत सगळे पेंगत होते. लिंबाजीने लगेच डोळे मिटले. गाव आलं, पुढे बसलेल्या मॅडम उतरल्या, लिंबाजी बसून राहिला. शेवटी डेपोत कंडक्टरने उठवलं तेव्हा तो पायी घरी आला. मॅडमनी कपाळाला हात लावला. “अरे, शेजारच्याला हलवून विचारायचं ना, आलं का म्हणून.”

“बरं मॅडम. लक्षात ठेवतो.”

रविवारी ती दोघं चर्चमध्ये गेली. प्रार्थना चालली होती. लिंबाजीने शेजारच्या मार्थाबाईंना गदागदा हलवलं आणि विचारलं, “मावशी, आलं का?” मार्थाबाईंनी दचकून आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे. पाळकसाहेब भला माणूस. ते रागावले नाहीत. त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “बाळा, इथे कुणाला हलवायचं नाही. काय सांगायचं ते डोळे मिटून मनातल्या मनात सांगायचं. सगळं ऐकू जातं.”

लिंबाजीला ही पद्धत फार आवडली. घसाही दुखत नाही.

मग तोंडी परीक्षा आली. आदल्या दिवशी मॅडमनी त्याच्याकडून सगळं म्हणून घेतलं. कुठला धर्म, कुठला ग्रंथ, कुठली शिकवण, पठ्ठ्या कुठेच अडला नाही. मॅडमना वाटलं, टळली ती धूळ. परीक्षेच्या खोलीत जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की विचारतील ते सगळं सांग. आणि त्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, सगळ्या धर्मांत सारखं काय आहे. पुढे काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. परीक्षकांचा चहा आला, निवला, कप परत गेला.

लिंबाजी बाहेर आला. मॅडमनी त्याला दारातच गाठलं.

“सगळं सांगितलं मॅडम, अगदी उदाहरणं देऊन. तरी भोपळा दिला त्यांनी.” मग तो जरा रागानेच म्हणाला, “चूक तुमची आहे. ते परीक्षक देव नाहीत, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”