खिंडीतली पंगत

"...मग मी कोणाचा, तेवढं तरी सांगा बुवा."

धोंडबुवा मठाच्या ओसरीवर उन्हाला पाठ देऊन बसले होते. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"आईचा," ते म्हणाले. "पुढं विचार."

सुभानरावानं ओठ चावला. अहो, चांगला राजा होता तो, अख्ख्या खिंडीचा धनी. पण बुवांसमोर आला की त्याचं काही चालत नसे. याच मठात त्यानं धुळाक्षरं गिरवली होती आणि याच बुवांच्या हातचे फटके खाल्ले होते.

राज्य तरी केवढं? एक गड, एक खिंड आणि चिमूटभर गावं. खिंडीच्या वर वरचं सरकार, खाली समुद्राकाठी खालचं सरकार. धान्य वरून यायचं, मीठ खालून. दोघांची लढाई जुंपली की कैद्यांची अदलाबदल या खिंडीत व्हायची आणि तहाची बोलणी या मठाच्या ओसरीवर. सुभानरावाच्या आजोबांपासून हे असंच चालत आलं होतं.

यंदा मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. दसरा सरला आणि दोन्ही सरकारं एकमेकांच्या उरावर बसली. वरच्यांच्या स्वारांनी आडवाटेनं उतरून घाटाच्या पायथ्याची, खालच्यांच्या हद्दीतली कुंभारांची, कोष्ट्यांची गावं जाळली. तिथली माणसं पोरंबाळं कडेवर घेऊन घाट चढली आणि मठाच्या आवारात येऊन बसली.

वरचं सरकार म्हणे, ती माणसं आमच्या हवाली करा, त्यांत आमचे वैरी लपलेत. खालचं म्हणे, आमच्या तोफांना खिंडीतून वाट द्या. दोघांचे वकील गडावर ठाण मांडून बसले होते. दुसरा राजाच्या कानाला लागेल या धास्तीनं दोघांतला एकही सुभानरावाची पाठ सोडत नव्हता. आजही ते त्याच्या मागोमाग मठापर्यंत चढले होते आणि पायरीच्या दोन टोकांना बसून घाम पुसत होते.

"मी ठरवलंय," सुभानराव हलक्या आवाजात म्हणाला. "मी तटस्थ राहणार."

"बरं."

"तोफांना वाट नाही. आणि ही माणसं..." त्यानं आवाराकडं न बघताच हात केला. "यांनीही उद्या खिंड सोडावी. म्हणजे वरच्यांना बोलायला जागा नाही आणि खालच्यांनाही नाही."

"जातील कुठं?"

"ते मी कसं सांगू? वर जावं, खाली जावं..."

"वर कापतील. खाली राख आहे."

सुभानरावानं उगाच पागोटं सारखं केलं.

"तटस्थ म्हणजे काय रे? शिकवलं होतं मी तुला."

"तटावर उभा असलेला. काठावरचा."

"हं. काठावर उभा आहेस, तर बुडणारा दिसत असेल की."

आता मात्र सुभानरावाचा तोल गेला. "तुम्हाला बोलायला काय जातंय बुवा? मठाला ना फौज, ना रयत. उद्या मीठ बंद झालं तर माझ्या माणसांनी काय खायचं? धान्य बंद झालं तर? वरचे चालून आले तर सगळी खिंड पेटेल. मला भीती वाटते. राजानं असं म्हणू नये, पण वाटते."

बुवांनी डोळे उघडले. त्याच्याकडं पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले.

"जेवायची वेळ झाली," ते म्हणाले. "वाढायला आज माणसं कमी आहेत. पागोटं काढ आणि कंबर बांध."

"बुवा, मी काय विचारतोय..."

"ऐकू आलं मला. भात वाढ."

मठात दुपारी एकच पंगत बसे. राजा असो, हमाल असो, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं त्यानं बसायचं. नाव, जात, गाव कुणी कुणाला पुसायचं नाही. हत्यार दाराबाहेर ठेवायचं. आणि वाढणाऱ्यानं सगळ्यांचं पोट भरल्याशिवाय स्वतःचं पान मांडायचं नाही.

बुवांनी दोन्ही वकिलांनाही बोलावलं. आढेवेढे घेण्याइतकं त्राण दोघांत उरलं नव्हतं, घाट खडा होता. वरच्या सरकारचे अवधूतपंत आले आणि टेकले. खालच्या सरकारचे भानजी नाईक त्यांच्याशेजारी बसायला तयार होईनात, म्हणून एक जागा सोडून बसले. मधल्या जागेत एक म्हातारी कुंभारीण येऊन बसली. ठमाबाई तिचं नाव. तिचं घर आणि थोरला मुलगा दोन्ही एकाच दिवशी गेले होते, आणि ते कुणी केलं हे शेजारी बसलेल्या पंतांना चांगलं ठाऊक होतं.

पानं मांडली. कडेला मीठ पडलं, भात पडला, वरण पडलं. सुभानराव तुपाचं भांडं घेऊन पंगतीवर आला.

तूप बेताचंच होतं.

पंतांसमोर तो वाकला आणि त्याच्या डोळ्यांपुढं धान्याच्या गोण्या उभ्या राहिल्या. पळी काठोकाठ भरून भातावर आली. पलीकडून नाईकांनी मान वळवून पाहिलं. मग मिठाची आठवण झाली. म्हातारीला ओलांडून तो आधी नाईकांकडं गेला आणि तिथंही भरली पळी ओतली. मागं फिरून ठमाबाईच्या पानावर पळी धरली, तेव्हा तिच्यातून काही पडेना. त्यानं ती दोनदा झटकली, एक थेंब पडला. तो पुढच्या पानाकडं सरकला.

"थांबा," बुवांचा आवाज आला. "घास घेऊ नका कुणी."

सगळ्यांचे हात थबकले.

"सुभान... पंक्तिप्रपंच झाला."

त्या मुलखात वाढणाऱ्याला याहून वाईट शब्द नाही. चोर म्हटलं तर माणूस भांडेल. पंगतीत एकाला झुकतं आणि एकाला कोरडं वाढलंस म्हटलं, तर मान खाली घालून उभा राहील. राजाही तसाच उभा राहिला, कानापर्यंत लाल होऊन.

"तूप कमी होतं बुवा."

"म्हणून तर बघत होतो. तुपाचा हंडा भरलेला असला की कोणीही सारखं वाढतं."

बुवा पुढं काही म्हणाले नाहीत. म्हणायची गरजही नव्हती. पंक्तिप्रपंच झाला की काय करायचं ते सुभानरावाला लहानपणापासून माहीत होतं. झुकतं माप पडलेलं पान वाढणाऱ्यानं आपल्या हातानं उचलायचं, त्या जागी नवं पान मांडायचं आणि इतरांइतकंच वाढायचं. तोवर कुणी जेवायचं नाही.

पण इथं ती पानं वकिलांची होती. पाहुण्यासमोरचं भरलं पान उचलणं हीच मोठी नाचक्की, आणि वकिलाची नाचक्की म्हणजे त्याच्या सरकारची. एवढ्याशा कारणावरून लढाया झाल्या होत्या.

पंगत थांबली होती. भाताची वाफ विरत चालली. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. काल दुपारपासूनची उपाशी माणसं हात मांडीवर ठेवून राजाकडं बघत होती.

"बुवा..." सुभानराव म्हणाला.

बुवा छताकडं बघत होते.

आणखी एक पेच होताच. आधी उचलायचं कुणाचं? पंतांचं आधी उचललं तर नाईक हसणार, नाईकांचं आधी उचललं तर पंत. सुभानराव जागच्या जागी घुटमळला. मग तो सरळ ठमाबाईसमोर गेला आणि गुडघे टेकून बसला. दोन्हीकडं हात लांबवून त्यानं दोन्ही पानं एकाच वेळी उचलली. तसं करताना तो इतका वाकला, की त्याचं कपाळ म्हातारीच्या पानाला टेकता टेकता राहिलं. वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

म्हातारी भांबावली. राजाला आशीर्वाद द्यावा की मागं सरावं, तिला कळेना.

तो तूपभात गेला मठाच्या म्हशीच्या पुढ्यात. तिनं तो आवडीनं खाल्ला.

सुभानरावानं नवी पानं मांडली. भात, वरण वाढलं. तुपाच्या भांड्याच्या तळाशी चिकटलेलं बोटानं निपटून पंगतीत प्रत्येकाला एकेक थेंब दिला. वकिलांनाही एकच.

अवधूतपंतांचा चेहरा काळवंडला होता. "राजे, वरच्या सरकारच्या वकिलासमोरचं पान आपण उचललंत."

"खालच्यांच्या समोरचंही उचललंय, पंत."

"हे सरकारांच्या कानावर जाईल. अजून वेळ गेलेली नाही. या बाईसकट आवारातली माणसं आमच्या हवाली करा, पान मी विसरून जातो."

सुभानरावाच्या हातात भाताचं पातेलं होतं. ते त्यानं खाली ठेवलं नाही.

"पंगतीत बसलेल्याला उठवायची आमच्याकडं रीत नाही."

"वा, वा," भानजी नाईक खूश होऊन म्हणाले. "याला म्हणतात बाणा. राजे, आमच्या तोफा उद्याच घाटाच्या पायथ्याशी..."

"नाईक, तोफेला आम्ही पान मांडत नाही."

नाईकांचं हसू मावळलं. "मीठ बंद होईल."

"अळणी खाऊ."

"धान्यही बंद होईल," पंत म्हणाले.

"पेज पिऊ. तीही संपली तर कंद उकरू. पण एक ध्यानात ठेवा, तुम्ही दोघंही. खिंड अरुंद आहे. जोडीनं दोन घोडे चालत नाहीत तिथून. वर कड्यावर माझी माणसं बसतील, आणि दगडाला हा वरचा, हा खालचा असं काही कळत नाही. उद्या लढून दमलात आणि तहासाठी ओसरी हवी झाली, तर या. हत्यार बाहेर ठेवून या. भात असेल तर भात वाढू, नसेल तर पाणी देऊ. दोघांना सारखं."

एवढं बोलताना आवाज आपलाच आहे का, असं सुभानरावाला वाटून गेलं.

दोन्ही वकील एकदमच उठले. न जेवता, हातही न धुता. एकाच दारातून, एकमेकांना वाट देत बाहेर पडले. उतारावर दोघं काहीतरी बोलत चालल्याचं सगळ्यांनी पाहिलं.

पंगत अजून तशीच बसून होती.

"राजे," ठमाबाईनं विचारलं. "आम्ही जेवू का?"

"जेवा आजी. सावकाश जेवा."

तान्हं गप्प झालं. सुभानरावानं पुन्हा भात फिरवला, वरण फिरवलं, म्हातारीला तिसऱ्यांदा आग्रह केला. मग तो खांबाला टेकला.

"काय करून बसलो मी, बुवा. सकाळी एकाशी वैर पडेल म्हणून घाबरलो होतो. आता दोघांशी पडलं."

"एकमत घडवलंस की त्यांच्यात. तुझ्या आजोबांनाही जमलं नव्हतं."

"थट्टा नको. तुम्हाला ठाऊक आहे काय होणार ते. आता वरून येतील, खालून येतील. पायथ्याची गावं जळली तर एवढी माणसं आली, उद्या लढाई पेटल्यावर किती येतील? घरं जळालेले येतील, हात तुटलेले येतील, आणि त्यांच्या मागून ज्यांनी ते तोडले तेही येतील."

"येतील."

"हजारोंनी येतील, बुवा."

बुवा चुलीकडं वळले.

"मग आधण मोठं ठेवायला हवं."