वशिंडापर्यंतची दोरी

पूर्वी सोमावती नगरीत राजा विमलकेतू राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या गोठ्यावर मापारी होते. गोठ्यात एका बाजूला गाई आणि दुसऱ्या बाजूला म्हशी बांधलेल्या असत. दर पौर्णिमेला बोधिसत्त्व वासरांची आणि रेडकांची उंची दोरीने मोजत. जी अधिक उंच भरत, त्यांना महिनाभर तिळाची पेंड मिळे. तीन वर्षे पेंड वासरांकडेच जात होती.

एका वर्षी पाऊस फार थोडा झाला आणि एकाच कळपाला पुरेल एवढे गवत उरले. जी जात चांगली वाढते ती ठेवावी आणि दुसरी डोंगरात सोडून द्यावी, असे राजाने ठरवले. निवाडा मापाऱ्यावर सोपवला. डोंगरात वाघ होते. म्हशी सांभाळणाऱ्या उत्पला गवळणीने हे ऐकले आणि त्या दिवशी धार काढताना तिच्या हातून दोनदा चरवी कलंडली.

बोधिसत्त्वांनी एकाच दिवशी जन्मलेले एक वासरू आणि एक रेडकू निवडले. दोरीने वासरू रेडकापेक्षा चार बोटे उंच भरले. मग दोघांना पाळीपाळीने नावेत चढवून नाव किती बुडते ते पाहिले, तर पाणी दोन्ही वेळा एकाच रेघेला टेकले. त्यांनी बरगड्यांवर बोटे दाबली. वासराचे मांस घट्ट होते, रेडकाच्या बरगड्या मोजता येत होत्या. मग रेडकाचा एवढा भार होता कुठे? हाडांत की कातड्यात? दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे पुन्हा मोजले आणि ते आणखीच गोंधळले. शेवटी ते उत्पलेला म्हणाले की काही झाले तरी दोरी खोटे बोलत नाही.

"दोरी नसेल बोलत, मापारीदादा," उत्पला म्हणाली. "पण तुम्ही ती वासराच्या वशिंडाला टेकवता. माझ्या रेडकाला वशिंड कुठून आणू? पाठीवर मडके पालथे घालू का?"

गुराखी हसले. बोधिसत्त्व दोरीकडे पाहत राहिले. खुरापासून सर्वांत उंच जागेपर्यंत मोजावे, असे त्यांना गुरूंनी शिकवले होते, आणि गुरू जन्मभर फक्त गाई मोजत आले होते.

"तीन वर्षे तू हे बोलली का नाहीस?" त्यांनी विचारले.

"मला वाटले, मापाऱ्याला माहीत असेल."

वशिंड सोडून मोजल्यावर अंतर एकच बोट उरले. ते एक बोट जातीचे की पेंडीचे, हे मात्र त्यांना काही केल्या कळेना.

दरबारात त्यांनी आपली चूक सांगितली. प्रधान म्हणाला की मापाऱ्याला मापता येत नसेल तर त्याने गवत कापावे. राजाने एवढेच विचारले की मग कोणती जात ठेवायची.

"महाराज, मला कळत नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "माझ्या मापाने ज्यांना तीन वर्षे अर्धपोटी ठेवले, त्यांची वाढ मोजून त्यांची जात कशी कळेल?"

राजाने बोधिसत्त्वांच्या हातातली दोरी काढून घेतली आणि त्यांना खरोखरच गवत कापायला पाठवले. पण गवत दोन्ही कळपांना सारखे वाटायला सांगितले. त्या वर्षी गाई रोडावल्या, म्हशीही रोडावल्या, पण डोंगरात कोणीच गेले नाही.

भिक्खूंना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची उत्पला म्हणजे आज विहारात ताक आणून देणारी उपासिका. तेव्हाचा राजा म्हणजे तुमच्यातला हा वृद्ध भिक्खू. आणि मापारी मीच होतो."

एका तरुण भिक्खूने विचारले, "भगवन्, ते वासरू आणि रेडकू आज कोण आहेत?"

"ते मला माहीत नाही," शास्ते म्हणाले. "आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणे, ही सत्याची पूर्णता, सत्यपारमिता."