तीन हिसके

त्या राज्यात विकणारे उरले होते, घेणारे उरले नव्हते. दोन वर्षे कुरणांवर गवत नीट उगवले नाही, तेव्हा हरणांचे आणि सशांचे कळप आधी हात आखडू लागले आणि मग बाजाराकडे फिरकेनासेच झाले. दुकाने मात्र रोज उघडत होती. एकमेकांकडून घ्यावे म्हटले, तर प्रत्येकाला आधी विकायचे होते आणि मग घ्यायचे होते.

बाजाराचा एक जुना दंडक होता. दुकानातला माल दुकानदाराने तोंडात घालायचा नाही. घातला, तर दारावरची पाटी उलटी करायची आणि दुकान मोडले असे समजायचे. सुबत्तेच्या दिवसांत हा दंडक शोभून दिसे, कारण तेव्हा सगळ्यांचीच पोटे भरलेली असत. आता खारीच्या दुकानात सुकवलेल्या बोरांची एक टोपली शिल्लक होती. तिच्या शेजारी खारीची म्हातारी, आंधळी आई भिंतीला टेकून बसलेली असे, आणि दोघींच्या पोटात चार-चार दिवस पाण्याशिवाय काही जात नसे. एकदा खारीने टोपलीकडे पाहिले. म्हातारीला दिसत नव्हते, तरी तिला ते कळले.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "मी गेले तरी चालेल, पण पाटी उलटी व्हायची नाही."

अशांपुढे कोण काय बोलणार?

रोज सकाळी वडाखाली दुकानदारांची बैठक भरे. घोरपड अध्यक्ष होती. ती दोरखंड विकायची, आणि एकदा धरलेले सोडत नाही अशी तिची ख्याती होती. चिचुंद्री अत्तर विकायची; त्याबद्दल न बोललेले बरे. प्रत्येकाने शेजाऱ्यासाठी एका गिऱ्हाइकाचे नाव पानावर लिहून आणायचे, असा बैठकीचा नियम होता. पाने दिली-घेतली जात, टाळ्या पडत, "भेटत राहू" असे सगळे सगळ्यांना सांगत. गेला महिनाभर प्रत्येक पानावर एकच नाव येत होते, टेकडीवरच्या कासवाचे. कासव उन्हाळ्यातच वारले होते. हे सर्वांना ठाऊक होते, पण रिकामे पान देणे बरे दिसत नाही.

अशाच एका बैठकीत साळुंकी आली. तिने एका वेलीचे रोप आणले होते आणि जिभेवर साखर आणली होती.

"गिऱ्हाईक आटलेलं नाही हो, ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. डोंगरापलीकडे केवढी तरी वस्ती आहे. ही वेल थेट तिथवर जाते. एक हिसका म्हणजे 'आहात का?' तीन हिसके म्हणजे 'गिऱ्हाईक आलं.'"

अरुंद वेलीवर निरोप रखडतात, असे सांगून तिने रुंद वेलच घ्यायला लावली. रुंद वेलीला प्रत्येक दुकानामागे रोज एक घागर पाणी लागे. ते दोन कोस लांबच्या झऱ्यावरून आणायचे, आणि झराही आता बोटभर वाहत होता. तरी सगळे तयार झाले. शेजाऱ्याने वेल घेतली आणि आपण नाही, असे कोणालाच नको होते.

वेल भराभर वाढली. उंबऱ्यांवरून सरकत ती डोंगरापलीकडे गेली आणि पंधराव्या दिवशी तिला पलीकडून एक हिसका बसला. आहात का? बाजारात आनंदीआनंद झाला. घोरपडीने स्वतः उलट हिसका दिला. पलीकडून पुन्हा एक आला. आहात का? असे महिनाभर चालले. तिकडची मंडळी फार चौकस दिसतात, असे बैठकीत कौतुकाने बोलले गेले. पण विचारणारे रोज विचारत होते आणि येत कोणीच नव्हते.

मग झरा आटला. खारीच्या घरात दोन घागरी उरल्या. एक तिने त्या दिवशीची म्हणून वेलीला घातली आणि दुसरी आईजवळ ठेवली.

"ही तुझी. वेलीला घालायची नाही," तिने बजावले. "ते येत नाहीत, तर मीच जाते. माल विकला गेला की तिथून तीन हिसके देईन. मग आपलं दुकान वाचलं असं समज."

म्हातारीने तिच्या पाठीवर टोपली बांधली आणि शेपटीवरून हात फिरवला. "भाव पाडू नकोस," ती म्हणाली. मग वेलीवर तळवा ठेवून ती वाट पाहत बसली.

दोन दिवस धावून खार भर दुपारी डोंगर उतरली. वेल जिथे संपत होती तिथे एक बाजार होता. उंबरे झाडलेले होते, तराजू पुसून ठेवलेले होते, आणि प्रत्येक दारात एकेक दुकानदार वेलीवर पंजा ठेवून बसला होता. तिला पाहताच सगळे उठून उभे राहिले. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"आलं! गिऱ्हाईक आलं!"

एक म्हातारे साळिंदर रडत पुढे आले. "या बाई, या. रोज विचारत होतो तुम्हाला, आहात का म्हणून. साळुंकी म्हणालीच होती, डोंगरापलीकडे केवढी तरी वस्ती आहे."

खारीने खरे सांगायला तोंड उघडले. तेवढ्यात साळिंदराने आपल्या दुकानातली दोन सुकी बोरे तिच्यापुढे धरली. "आधी चव बघा. पटलं तर घ्या." बोरांवर नजर पडू नये म्हणून त्याने मान वळवली होती. ती वळवलेली मान खारीने लगेच ओळखली; आपल्या टोपलीशेजारी तीही अशीच बसत असे.

तिने टोपली हळूच शेपटीआड सारली आणि एक बोर खाल्ले. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि बोर फार गोड लागले. दुसरे तिने आईसाठी गालात ठेवले. आता तिला गिळता येईना आणि बोलताही येईना. सगळा बाजार तिच्या फुगलेल्या गालाकडे पाहत श्वास रोखून उभा राहिला. मागे कोणाला तरी दम निघाला नाही. त्याने वेल धरली आणि तीन हिसके दिले.

ते म्हातारीच्या तळव्याखाली पोचले. तिने ते बोटांवर मोजले, एक, दोन, तीन. भिंतीचा आधार घेत ती उठली आणि दारावरची पाटी शेपटीने पुसून घेतली. नेमक्या या वेळी वेल सुकून चालणार नव्हती. तिने चाचपडत आपली घागर उचलली आणि थेंबही मागे न ठेवता वेलीच्या मुळाशी रिकामी केली.