शिळानगरीतून माणसं आणली त्याची गोष्ट

एका राज्यात राजाच्या पुढे पाऊल टाकायची कुणाला मुभा नव्हती. प्रधान मागे, सेनापती मागे, देवाची पालखी निघाली तर तीही मागेच. त्या राज्याचा राजा रणधवल मनाने वाईट नव्हता हो. पण जन्मभर ज्याने कुणाची पाठ पाहिली नाही, त्याला वाट विचारायची सवय कुठून लागणार?

त्याची एकुलती एक मुलगी हेमकळा. आईवेगळं लेकरू. तिला बारावं लागलं त्याच सकाळी तिची पावलं दगडाची झाली. दुसऱ्या दिवशी घोटे गेले. वैद्यांनी हात टेकले. "बाबा, दुखत नाही मला," ती म्हणाली, आणि राजाचा धीर सुटला.

तेव्हा खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला आणि मनुष्यवाणीने बोलू लागला.

"राजा, मी मांत्रिक. तुझ्या पणजोबाने डोंगरावरची शिळानगरी सोडली, तेव्हा तो पुढे चालला. मागे वळून पाहायची रीत नव्हती. म्हातारी माणसं रेंगाळली आणि दार लागलं. वाट पाहून पाहून ती दगड झाली. त्यांत माझी आई आहे. तिच्यापाशी राहता यावं म्हणून मी पक्षी झालो, आणि तुझ्या कुळात जन्मणाऱ्या पहिल्या मुलीला शाप दिला."

"शाप कसा उतरेल?"

"वाट शोध, दार उघड, माणसं खाली आण. तुझ्याच कुळाने आणली पाहिजेत. सात दिवसांत दगड हिच्या काळजाला भिडेल."

तीन दिवसांची चढण. वाट दाखवायला पायथ्याची ठमाई आली. साठी उलटलेली, पाय मात्र शेळीचे. ती पुढे होताच प्रधान ओरडला, "बाई, मागे हो!" ठमाई गुमान मागे झाली. राजा पुढे झाला. दिवसभर कारवीतून चालून संध्याकाळी सगळे पोहोचले ते सकाळच्याच झऱ्यावर! एक दिवस असा फुकट गेला.

राजा खाली मान घालून म्हणाला, "ठमाई, तू पुढे हो."

"व्हते म्हाराज. पर पाय ठिवीन तितंच पाय ठिवा."

राजाने तसंच केलं. तीन दिवस त्याने कातळात खोदलेल्या खोबण्या पाहिल्या आणि ठमाईच्या भेगाळलेल्या टाचा पाहिल्या. प्रधानाने दुसऱ्या दिवशी पोटदुखीचं निमित्त काढून परतीची वाट धरली, ते बरंच झालं.

चौथ्या दिवशी माथा आला. ढासळलेले बुरूज, कोरडी टाकी, आणि मधोमध एक शाबूत दरवाजा.

"मी राजा रणधवल! दार उघडा!" तीनदा ओरडूनही दार हललं नाही.

ठमाई म्हणाली, "सासरी लेकीला आणाया गेल्यावर बाप असा वरडतो व्हय? न्यायाला आलोय म्हना की."

राजाने पागोटं काढलं, दारावर हळूच थाप दिली. "घरात कोण आहे? मी न्यायला आलोय. फार उशीर झाला."

दार उघडलं. आत सतरा माणसं ओळीने बसली होती, बोचकी मांडीवर घेऊन, दगडाची. राजाने एकेकाच्या पायांना हात लावला, तशी ती जागी झाली. मांत्रिकाच्या आईने डोळे चोळत विचारलं, "निघायचं का रे बाळा?" बुरुजावरून धनेश खाली उतरला, त्याने पंख मिटले आणि पांढऱ्या केसांचा माणूस होऊन तिचा हात धरला.

पण म्हातारी पावलं ती! दर थोड्या अंतरावर माणसं खाली बसत होती. या चालीने खाली पोहोचायला पाच दिवस लागणार होते. हातात तीनच होते.

राजाने विचारलं, "मांत्रिका, शाप नेमका केव्हा उतरतो?"

मांत्रिक ओशाळला. "ठाऊक नाही, महाराज. रागात दिला होता. नीट ठरवला नव्हता."

"मी पुढे धावलो तर लेक निदान जिवंत दिसेल."

"दिसेल. जायचं तर जा. मी अडवणार नाही."

राजा वाटेच्या तोंडाशी गेला. तिथून खाली राजवाड्याचा कळस दिसत होता. मग तो मागे वळला आणि ओळीच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिला. "चला," तो म्हणाला. "कुणी मागे राहू नये."

पाच दिवस तो शेवटी चालला. कुणाचं बोचकं घेतलं, कुणाला पाठुंगळी घेतलं. सातवा दिवस डोंगरातच मावळला. त्या दिवशी त्याने घास खाल्ला नाही. ठमाईही जेवली नाही.

नवव्या दिवशी ओळ पायथ्याला आली. समोरून कुणीतरी धावत येत होतं. पुढच्या म्हातारीने तिला थांबवून गालावरून हात फिरवला, मग दुसरीने, मग तिसऱ्याने. अठरा माणसांचे लाड सोसून, ठमाईलाही बिलगून, पोर शेवटी धापा टाकत राजापाशी पोहोचली. ती हेमकळा होती.

"बाबा, चौथ्या दिवशीच माझी बोटं हलली! तुम्हाला कळलं नाही?"

राजा मटकन खाली बसला. त्याने तिची धुळीने माखलेली पावलं मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी चाचपून पाहू लागला, टाच, घोटा, एकेक बोट.

"बाबा, पुरे ना! गुदगुल्या होतात," हेमकळा म्हणाली.