टाकीचं तोंड साहेबांकडे

टायरच्या कारखान्याचे मालक मोहितेसाहेब स्वतःला यंत्रांतले देव समजत. टायर आत ठेवून वाफेवर पक्के करायच्या नव्या टाकीसाठी दोन झाकणं पाहण्यात आली. एक चुटकीसरशी उघडायचं. दुसरं आतली वाफ पूर्ण निघाल्याशिवाय हलायचंच नाही.

“असलं अडेलतट्टू झाकण म्हणजे वेळेची नासाडी. पहिलं मागवा!” साहेब गरजले.

“वाफ असताना उघडलं तर समोरचा माणूस जाईल,” इंजिनिअर मृणाल टिकेकर म्हणाल्या.

“कामगार काय मेणाचे आहेत?”

“बरं, पहिलंच मागवते. फक्त टाकीचं तोंड तुमच्या केबिनकडे करते. झाकण किती झटपट उघडतं, ते बसल्या जागी दिसेल.”

साहेबांनी केबिनकडे पाहिलं. “दुसरं मागवा.”

“पण वेळेची नासाडी?”

“जीव मोठा की वेळ?” साहेब त्यांच्यावरच खेकसले.

“कुणाचा जीव, एवढंच ठरायचं राहिलं होतं,” म्हणत मृणालनी ऑर्डर लिहिली.