हाकेची विहीर

पळसवेढ्याची वेस ओलांडली, की डाव्या हाताला एक मोठी दगडी विहीर लागते. आतल्या भिंतीला लागून पायऱ्या आहेत आणि त्या विहिरीला वेढा घालत थेट तळापर्यंत जातात. आत कुठेही उभे राहा, वर यायची वाट हाताशीच असते. काठावर लिंबाखाली एक साधा चौथरा आहे. त्यावर ना मूर्ती, ना शेंदूर. गावातले म्हातारे येसूआप्पा गुरव पाहुण्यांना आधी त्या चौथऱ्यावर टेकायला लावतात, तांब्याभर पाणी देतात, आणि मग सांगू लागतात. हिला हाकेची विहीर म्हणतात. हाक कुणाची, कुणाला, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण नव्या माणसाला ते सांगितल्याशिवाय उठू द्यायचं नाही, अशी इथली रीत आहे.

असं सांगतात, की मुलूख सुलतानांचा होता, त्या काळी पळसवेढ्यात ओढ्याशिवाय दुसरं पाणी नव्हतं. ओढा पौषातच आटायचा. मग बाया वाळूत झरे उकरून वाटीवाटीने घागरी भरत बसायच्या. साळू त्यांच्यातलीच एक. नवरा लवकर गेलेला. घरात थोड्या शेळ्या आणि राघू नावाचा एकुलता एक मुलगा. राघू अंगापिंडाने धिप्पाड, स्वभावाने हसरा. गावाने नवी विहीर खणायला घेतली, तेव्हा पहिली कुदळ त्यानेच मारली. आता आईला झऱ्यावर बसू द्यायचं नाही, असं तो भेटेल त्याला सांगत फिरायचा.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या पडक्या धर्मशाळेत एक परदेशी येऊन पडला. जमिनीच्या पोटातून पाणी खेळवणारे कारागीर सुलतानाने दूर इराणातून आणवले होते म्हणे. त्यांचा तांडा राजधानीकडे निघाला होता. हा वाटेत तापाने फणफणला, तशी मंडळी त्याला मागे ठेवून पुढे गेली. ताप उतरला, पण आता जायचं कुठे, आणि वाट विचारायची कोणत्या शब्दांत? तो तिथेच राहिला. नाव त्याचं बेहजाद. गावाला ते माहीत नव्हतं. गाव त्याला परका म्हणायचं.

गाव काही वाईट नव्हतं. पण मागे एकदा घोडेस्वार आले होते, कणग्या फोडून धान्य घेऊन गेले होते, आणि जाताना आपसांत जे बोलत होते त्यातला एक शब्द कुणाला कळला नव्हता. तेव्हापासून न कळणारी बोली कानावर पडली, की पळसवेढ्याची दारं बंद व्हायची. बेहजादला कुणी हाकललं नाही, तसं कुणी जवळही केलं नाही. बाया धर्मशाळेच्या ओट्यावर भाकरी ठेवून मागे न बघता परत यायच्या. साळूही ठेवायची. तो छातीवर हात ठेवून वाकायचा, काहीतरी बोलायचा. ती पदर पुढे ओढून चालू लागायची.

अंगात थोडी ताकद आल्यावर तो लोकांपासून जरा बाजूला, काठाजवळच्या लिंबाखाली येऊन बसू लागला. खोदकाम बघत राहायचा. माघातली दुपार होती. मुरूम संपून खाली ओल लागली होती, त्यामुळे सगळे खुशीत होते. राघू आणि त्याच्या जोडीचे दोन गडी तळाशी खणत होते. एकाएकी बेहजाद उठला. काठाच्या मातीत केसाएवढी भेग पडली होती आणि भिंतीतून बारीक माती झिरपत होती. ते त्याने पाहिलं आणि दोन्ही हात वर उडवत, जीव खाऊन ओरडत तो विहिरीकडे धावला. "बाला बिया, बाला बिया," असं तो ओरडत होता.

लोकांना त्यातलं 'बला' तेवढं ऐकू आलं. परका आपल्या विहिरीवर बला बोलावतोय, असा एकच गलका झाला. रायबा नावाचा दांडगा गडी होता. त्याने बेहजादला कवेत धरून मागे ओढलं. खाली राघूने कुदळ थांबवली आणि मान वर केली. त्याच्या जोडीचे गडी पुढे जन्मभर सांगायचे, की राघू हसतच म्हणाला, "काय म्हणतोय त्यो?"

तेवढ्यात विहिरीची एक बाजू खाली आली. ते दोघे दोराजवळ होते, त्यांना लोकांनी वर ओढलं. राघूला मातीतून काढेपर्यंत उशीर झाला होता.

राघूला अग्नी देऊन लोक परतले, ते हातात दगड घेऊनच. बेहजादला लिंबाला बांधून ठेवलं होतं. गावचे पाटील हैबतराव काही बोलण्याआधीच साळू मधे येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राघू शेवटी काय बोलला, ते वाचलेल्या त्या दोघा गड्यांकडून तिने परत परत विचारून घेतलं होतं.

"पाटील," ती म्हणाली, "माझ्या लेकानं जाताना एक गोष्ट विचारली. ह्यो काय म्हणतोय. तुमच्यातल्या कुणाला ठावं हाय का?"

साळू लिंबाजवळ सरकली.

"मग ते कळल्याबिगर ह्याच्या अंगाला हात लावायचा न्हाई. शिव्याशाप देत असला, तर मीच आणून तुमच्या हवाली करीन."

पाटलांनी विचारलं, की याला आपली बोली येत नाही, मग कळणार कसं.

"शिकवीन," साळू म्हणाली. "राघूला तरी आईच्या पोटातनं कुठं येत होती? मीच शिकवली."

पाटलांनी दोर सोडायला सांगितला. बेहजाद साळूच्या शेळ्यांच्या गोठ्यात राहायला आला.

ते पहिले दिवस कसे गेले, ते त्या माउलीलाच ठाऊक. ज्याच्यापायी लेक गेला असं सगळं गाव म्हणतं, त्याच्यापुढे भाकरी धरायची आणि म्हणायचं, भाकर. तो म्हणायचा, भाकर. ती त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, नुसती ऐकायची. पाणी. चूल. दावं. शेळी. त्याच्या जिभेला 'ळ' वळायचा नाही. शेळीची तो शेली करायचा. रोज दिवस मावळायच्या आधी ती विहिरीकडे बोट दाखवून विचारायची, त्या दिवशी काय म्हणालास? आणि रोज तो दोन्ही हात आभाळाकडे उचलून आपल्या बोलीत कळवळून सांगायचा. ते उचललेले हात पाहून साळू मागे सरायची. आभाळातून काहीतरी खाली बोलावण्याचीच ती खूण वाटायची तिला.

शेजारणी साळूला सवयीने 'राघूची आई' अशी हाक मारत. राघू गेला तरी जिभेची सवय गेली नव्हती. बेहजादला वाटलं, हेच बाईचं नाव. एके सकाळी त्याने गोठ्यातून हाक दिली, "राघूचीआई." साळूच्या हातातली धार थांबली. तिने दुधाची कासंडी खाली ठेवली. मग म्हणाली, "ओ."

दिवस गेले. झऱ्यावरच्या बाया आधी त्याच्या 'शेली'ला हसल्या, मग त्याला सुधारू लागल्या. तो त्यांच्या घागरी उचलून देऊ लागला. त्याने आपलं नाव सांगितलं. साळूच्या तोंडून ते 'बेजाद' असं निघालं, आणि त्याने ते तसंच मान्य केलं. रायबा मात्र त्या वाटेने जाताना तोंड फिरवायचा. साळूनं घरात साप पाळलाय, असं म्हणणारेही होते. ती कुणाला उत्तर देत बसली नाही.

चैत्र सरता सरता बेहजादला बरंच बोलता येऊ लागलं, पण सगळं नाही. एके दिवशी साळूने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि त्याने पहिल्यांदा तिच्या बोलीत उत्तर दिलं. खूप शब्द शोधून, विहिरीकडे आणि मग वर बोट दाखवून तो म्हणाला, "राघू, आभालात ये."

साळूला त्यातून एकच कळलं. माझ्या लेकराला हा आभाळात बोलावत होता. ती तशीच उठली आणि तरातरा पाटलांच्या घराकडे निघाली. बेहजाद मागून राघूचीआई, राघूचीआई करत राहिला. पाटलांच्या दारापर्यंत ती पोचली. आत नुसतं जाऊन सांगायचं होतं, पुढचं गावाने केलं असतं. पण उंबऱ्याशी तिचं पाऊल अडखळलं. ज्याला शेळी म्हणता येत नाही, त्याचं आभाळ आपल्या आभाळासारखंच असेल कशावरून? एकदा अर्ध्या ऐकलेल्या शब्दावर गावाने त्याला धरलं होतं. दुसऱ्यांदा तेच आपण करायचं? ती उंबऱ्यावरून माघारी फिरली. त्या दिवशी ती बेहजादशी बोलली नाही, पण त्याची भाकरी तिने ठेवली.

पुढे ज्येष्ठ लागला. धाब्याच्या घरांच्या सपाट छपरांवर पावसाआधी पांढरी माती टाकून ती चोपावी लागते. साळू शिडीने छपरावर गेली आणि बेहजादला म्हणाली, टोपलं घेऊन वर ये. त्याला कळलं नाही. तो टोपलं धरून उभाच. तेव्हा ती छपराच्या कडेला वाकली, खाली हात पुढे केला आणि म्हणाली, "वर ये, बेजाद. असा वर ये."

त्याने शिडीवर पाय ठेवला आणि तो थांबला. तिच्या खाली आलेल्या हाताकडे त्याने पाहिलं. टोपलं हातून सुटलं.

"वर," तो म्हणाला. "वर ये." मग तो शिडीच्या पायाशी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "राघूचीआई, त्या दिवशी. बाला बिया. वर ये. माती येते, राघू, वर ये."

साळू होती तिथेच छपरावर बसली. इतक्या दिवसांत न आलेलं रडू तिला तेव्हा आलं. तिथून विहिरीचा खड्डा दिसत होता. तिकडे तोंड करून ती हळूच म्हणाली, "राघू, त्यो वर ये म्हणत होता रे बाळा."

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. साळूने काही सांगितलं नाही. बेहजादलाच सांगायला लावलं. तो मोडकंतोडकं बोलला, पण सगळ्यांना सगळं कळलं. रायबा उठला. ज्या हातांनी त्याने हाक मारणाऱ्याला मागे ओढलं होतं, त्याच हातांनी त्याने डोक्याचं मुंडासं काढून बेहजादच्या पायांवर ठेवलं. बेहजादने ते उचललं आणि परत त्याच्या डोक्यावर बसवलं. "तुला कलत नव्हतं," तो म्हणाला. "मला येत नव्हतं."

पाटलांनी साळूला विचारलं, आता तुझं म्हणणं काय. तिने बेहजादपुढे हात जोडले.

"माझं लेकरू गेलं ते गेलं. पर ते जात असताना कुणीतरी जीव तोडून त्याला वर ये म्हणत होतं. एवढे आपले लोक काठावर, आन् हाक मारली ती ह्यानं. ह्याचं उपकार मी कशानं फेडू?"

पाटील म्हणाले, की त्याला आपली बोली येत नव्हती तशी आपल्यालाही त्याची येत नव्हती, आणि शिकायला आपण तरी कुठे गेलो होतो. म्हणे त्याच चावडीवर गावाने शब्द दिला. बाहेरून जो कोणी येईल, त्याला गावातलं एक घर आपली बोली शिकवील. त्या घराने त्या माणसाची बोलीची आई व्हायचं. आणि आल्या दिवशीच गावाने त्याच्याकडून त्याच्या बोलीतलं 'वर ये' शिकून घ्यायचं.

पाऊस सरल्यावर विहीर पुन्हा खणायला घेतली. बेहजाद सांगेल तसं लोक खणत गेले. माती धरून ठेवायला दगड बसवत गेले. रायबा त्याच्या शेजारून हलला नाही. पायऱ्या सगळ्या बाजूंनी फिरवायच्या, हा बेहजादचाच हट्ट. पाणी लागलं तेव्हा पहिली घागर साळूने भरली, आणि पहिली ओंजळ तिने बेहजादच्या हातांवर धरली.

तो परत कुठे गेला नाही. साळू थकल्यावर शेळ्या त्यानेच राखल्या, आणि ती गेली तेव्हा तिला खांदा त्याने दिला. 'ळ' त्याला शेवटपर्यंत आला नाही. पुढे तोही गेला; गावाने त्याला लिंबाखाली मातीत ठेवलं आणि वर हा चौथरा बांधला.

आजही परमुलखातून कुणी पळसवेढ्यात राहायला आलं, मग ती कर्नाटकातून आलेली सून असो, वीटभट्टीवर आलेलं ओडिशाचं जोडपं असो, की दवाखान्यात आलेली केरळची नर्स, गाव त्यांना आधी या चौथऱ्यावर बसवून पाणी देतं. कोणतं तरी घर पुढे होऊन सांगतं, यांची बोलीची आई आम्ही. पण शिकवणं दुसऱ्या दिवसापासून. त्या दिवशी शिकायचं गावानेच. येसूआप्पा विचारतात, तुमच्याकडे 'वर ये' कसं म्हणतात? नवं माणूस लाजत लाजत सांगतं. मग म्हातारे, बाया, ट्रॅक्टर थांबवून आलेले गडी, सगळे मिळून ते म्हणून बघतात. चुकतात, हसतात, पुन्हा म्हणतात. आणि नवं माणूस 'हां, आता बरोबर' अशी मान हलवत नाही, तोवर विहिरीच्या काठावरून कुणी उठत नाही.